मेजरांचा स्वच्छ काठ

आपल्याकडं फौजेतनं परत आलेला माणूस शिपाई म्हणून आला काय आणि सुभेदार म्हणून आला काय, महिन्याभरात गाव त्याला मेजर करून टाकतं. हिवरमाळचे लालासाहेब हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एस.टी.तून ट्रंक खाली उतरवल्या दिवसापासून मेजर झाले. त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

हिवरमाळ म्हणजे रहिमतपूरच्या खालच्या अंगाचं गाव. शिवारातून एक ओढा वाहत जातो आणि पुढं कृष्णेला मिळतो. उन्हाळ्यात चप्पल हातात न घेता ओलांडावा एवढासा, आणि आषाढात म्हैस वाहून न्यावी एवढा दांडगा. दोन्ही काठांना ऊस. मेजरांचं रान अलीकडच्या काठाला, आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठाला आनंदराव आणि भामाबाईंचं.

आनंदराव मेजरांचा लहानपणचा दोस्त. दोघं मिळून साताऱ्याला भरतीला गेले होते. पळण्यात आनंदराव पुढं होता, पण डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि त्याला बाजूला उभं केलं. एकजण गाडीत बसून गेला, दुसरा पाय ओढत घरी आला. डॉक्टरला जे छातीत ऐकू आलं होतं त्याचा पुढं दमा झाला, आणि दम्यानं आनंदरावाला आयुष्यभर पोसलेल्या वैऱ्यासारखं छळलं.

फौजेनं मेजरांना पेन्शन दिली, कँटीनचं कार्ड दिलं आणि एक खोड दिली. नजरेसमोर काही अस्ताव्यस्त दिसलं की या माणसाच्या हाताला कंड सुटायचा. दारातल्या चपला जोडीनं आणि एका रेषेत. गोठ्यातली दावी एका मापाची. अंगणाच्या कडेच्या विटांना गेरू, तुळशीला गेरू, कूपनलिकेच्या पाइपालासुद्धा गेरू. त्यांच्या बायकोचं नाव बनुबाई. बोलायला तिखट आणि मनानं गरीब. ती म्हणायची, “आता मला बी गेरू लावा, वर चुन्याचा पट्टा वढा आन हुबी करा भिंतीला.” मेजर हसायचे, आणि बनुबाईनं वाळत घातलेल्या साडीचे काठ जुळवून परत नीट घालायचे.

अशा माणसानं निवृत्त होऊन पहिल्यांदा आपल्या रानाचा काठ बघितला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, विचार करा. करंज वाकडे वाढलेले, निर्गुडी माजलेली, बाभळी कशाही, खाली लव्हाळं आणि गुडघाभर गवत. वडिलांच्या, आज्याच्या वेळेपासून तसंच होतं. कुणी तिकडं बघितलंच नव्हतं. मेजरांनी बघितलं. “ही काय शेती म्हणायची का काय?” असं म्हणाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळा काठ मुळासकट साफ केला. करंजाची खोडं निघेनात तर ट्रॅक्टर लावून ओढली. मग कडेनं विलायती अशोकाची रांग लावली, दोरी धरून. दर बुंध्याला खाली गेरू, वर चुना. ऊस पार कडेपर्यंत नेला. पावसाळ्यानंतर काठावर काही हिरवं उगवलं की खुरपं घेऊन बसायचे आणि खरवडून काढायचे. एरिया टिपटॉप राहिला पाहिजे, बस्स!

आणि दिसायचा बरं का काठ! पुलावरनं जाणारा मोटारसायकलवाला वेग कमी करून बघायचा. पाहुणे आले की मेजर त्यांना चहाच्या आधी काठ दाखवायचे. एका पंधरा ऑगस्टला पंचायतीनं ‘गावातला आदर्श काठ’ म्हणून त्यांना शाल आणि नारळ दिला. मेजर भाषणाला उभे राहिले. फौजी माणूस, आवाज खणखणीत.

“ह्या बाजूला माझा काठ बघा,” ते म्हणाले, “आन त्या बाजूला आमच्या दोस्ताचा बघा. साप-विंचवाची धर्मशाळा! फौजेत असता तर कोर्ट मार्शल झालं असतं आनंद्याचं.”

शाळेच्या पटांगणात हशा पिकला. आनंदरावही हसला, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसला. भामाबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

तिथून पुढं ही मेजरांची कायमची गंमत झाली. पारावर, डेअरीवर, कुठंही आनंदराव दिसला की, “काय रं, वाघ निघाला का तुझ्या काठातनं?” आनंदराव म्हणायचा, “निघाला की तुझ्याकडंच लावून देतो बघ.” दोस्तांची चेष्टा ती, त्यात वाईट काय, असं सगळ्यांना वाटायचं. मागच्या दिवाळीआधी आनंदराव गेला. भामाबाई एकट्या राहिल्या, मुलगा पुण्यात कंपनीत. मेजरांनी दहाव्याला सगळं उभं राहून केलं, आणि महिन्याभरानं भामाबाईंना सुनावलं, “वैनी, आता तरी तेवढा काठ साफ करून घ्या. बघवत न्हाई.”

हे नुसतं टापटिपीचं नव्हतं. मेजरांच्या पोटात एक भीती होती आणि ती खरी होती. दर पावसाळ्यात त्यांचा काठ ढासळत होता. एका वर्षी सरीभर रान गेलं, एका वर्षी दोन सऱ्या. अशोकाची पहिली रांग कधीच वाहून गेली होती; आत्ता उभी होती ती मागं सरून लावलेली दुसरी रांग. मेजरांनी विचार केला आणि दोष शोधून काढला. भामाबाईंची झाडी! तिला पाणी अडतंय, तिकडनं उसळतंय आणि आपल्या अंगावर येतंय. दुसरं काय असणार? आपल्या काठात तर खोट काढायला जागा नाही.

मग काय, ग्रामसभेत विषय लावून धरला. सरपंच जयराज तरुण पोरगा, मेजरांना मान देणारा. पंचायतीकडं ओढा-सफाईचं काम आलेलंच होतं. ठरलं, की पावसाळ्याआधी जेसीबी आणायचा आणि भामाबाईंचा सगळा काठ खरवडून सपाट करायचा. सोमवार धरला. मेजरांनी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आणि त्याच आठवड्यात, सोमवार यायच्या आधी, संयोगिता आली.

ओढ्या-नाल्यांच्या, नद्यांच्या काठांची पाहणी करणारी एक संस्था होती, तिथं ती नोकरीला. कुठला काठ धड आहे, कुठला खचतोय, कुठं पीक कडेपर्यंत आलंय, कुठं जनावरं उतरून वाट पडलीय, हे काठानं चालत चालत बघायचं आणि मोबाईलवर नकाशात भरत जायचं. काठाचे तीन रंग. हिरवा म्हणजे धड, पिवळा म्हणजे सांभाळा, तांबडा म्हणजे धोक्यात. पोरगी मूळची विट्याची. बापाचं सोनं गाळायचं दुकान पार तमिळनाडूत, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच एखादा शब्द भलत्याच हेलात यायचा. डोक्याला टोपी, पायात बूट, हातात काठी. जयराजनं तिला मेजरांच्या हवाली केलं. गावचा काठ दाखवायला त्यांच्याशिवाय दुसरा कोण?

मेजर इस्त्रीचा शर्ट घालून आले. वरच्या शिवेपासून सुरुवात झाली. वाटेत मेजर एकेकाच्या काठाची इज्जत काढत होते, संयोगिता ऐकत होती, वाकून बघत होती, माती हातात चुरत होती. भामाबाईंच्या काठापाशी आल्यावर मेजर म्हणाले, “हितं आत जाऊ नका बाई, साप असतील.” ती गेलीच. निर्गुडीत दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळानं हातांना ओरखडे घेऊन बाहेर आली आणि मोबाईलवर बोट फिरवलं.

मग मेजरांचा काठ आला. मेजर बाजूला सरकून उभे राहिले, आता ही काय म्हणते ते ऐकायला. ती ओढ्याच्या पात्रात उतरली, खालून वर बघत चालली. एके ठिकाणी थांबून तिनं काठाच्या पायथ्याला हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. माती खालून पोकळ झाली होती. मग वर आली, अशोकाच्या रांगेमागचा उसाचा पाला बाजूला करून आत शिरली. तिथं जमिनीला एक भेग होती. बोट जाईल एवढीच रुंद, पण काठाला धरून लांबच लांब गेलेली. उसाच्या पाल्याखाली ती मेजरांना कधी दिसलीच नव्हती.

“कुठला रंग दिलासा मग?” मेजरांनी विचारलं.

“तांबडा, काका.”

“त्यो पलीकडचा न्हवं, ह्यो आमचा.”

“पलीकडचा हिरवा दिलाय. हा तांबडा. पूर्ण गावात सगळ्यात खराब हाच आहे, काका. राग मानू नका.”

न मानायला काय झालं! मेजरांचा चेहरा विटेसारखा झाला. “आवं बाई, ह्या काठाला शाल मिळालीया पंचायतीची!”

“शाल तुम्हाला मिळाली, काका. काठ उघडाच आहे.” पोरगी चेष्टा करत नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं. “ओढा इथं सरळ आहे. पाणी दोन्हीकडं सारखंच लागतं. तिकडं मुळांना लागतं, इकडं मातीला लागतं. ही भेग आहे ना, तिथून पुढचं सगळं एखाद्या पुरात खाली बसणार. झाडांसकट. अजून करंज, निर्गुडी, वाळा लावता येईल. दोन-चार हात पीक मागं घ्यायचं आणि काठ त्याचा त्याला वाढू द्यायचा.”

“जंगल करू म्हणता?”

“हो.”

“मग तुमची साळा आन तुमचा मोबाईल ठिवा तुमच्यापाशी!” मेजर गर्रकन वळले आणि तिला तिथंच सोडून घराकडं चालू लागले. आल्या पाहुणीला असं बोलणं हिवरमाळमध्ये कुणी करत नाही. तिला बनुबाईनं बोलावून घेतलं, भाकरी आणि ठेचा वाढला, “त्येंचं मनावर घिऊ नगं बाळ, फौजेत असंच वरडत्यात,” म्हणून समजूत घातली आणि पुढच्या गावाच्या वाटेला लावलं.

मेजर जेवले नाहीत. उन्हं कलल्यावर पहार घेऊन रानात गेले. कशाला, तर त्या पोरीला खोटं पाडायला. उन्हानं जमीन तडकतेच, वीतभर खोल असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पहारेचं टोक भेगेत घातलं आणि सोडलं. पहार गेली. नुसती गेली नाही, तर हातातनं निसटून खाली गेली, आणि दिसेनाशी झाली. खालून धप्प असा आवाज आला. त्यांच्या पायाखालची जमीन आतून वेगळी झाली होती, आणि ते त्या जमिनीवर उभे होते. अशोकाची झाडं ओढ्याकडं झुकलेली दिसत होती. इतके दिवस ते म्हणत होते, वाऱ्यानं झुकलीत.

मेजर मागं सरकून बांधावर टेकले. आणि तिथं त्यांना जैसलमेर आठवलं.

नवी नवी नोकरी होती. वाळूत मोर्चे, म्हणजे लढायचे खंदक, खणायचं काम. लालासाहेबानं असा सुरेख खंदक खणला होता, की कडा सुरीनं कापल्यासारख्या. गुळगुळीत, सरळ, एक काडी दिसेल तर शपथ. शिकवणारे उस्ताद बघायला आले. त्यांनी कौतुक केलं नाही. भिंतीला एक लाथ घातली. सगळी भिंत लालासाहेबाच्या अंगावर आली, कमरेपर्यंत गाडला गेला. वर उभं राहून उस्ताद ओरडत होते, “नंगी मिट्टी खड़ी नहीं रहती, जवान! कपड़ा पहनाओ इसको!” मग दिवसभर काटेरी झुडपं तोडून आणली, खुंट्या मारल्या, फांद्या विणून भिंतींना लावल्या. त्यानंतर ज्या ज्या सरहद्दीवर गेले तिथं त्यांनी मोर्चाच्या भिंतींना कपडा घातला, आणि हाताखालच्या पोरांनाही हेच ओरडून शिकवलं. अहो, आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांना शिकवलं, त्यानं घरी येऊन आपल्याच मातीची चिरगुटं फाडून तिला नागवी केली, आणि वर चुन्याचा पट्टा ओढला. त्या पोरीचं म्हणणं एक वेळ झटकून टाकता आलं असतं. उस्तादांची लाथ कशी झटकणार?

अंधार पडायच्या आत मेजर घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. बनुबाईनं पाण्याचा तांब्या ठेवला.

“बने, चुकलं,” ते म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ती खालीच बसली. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, “मग सोमवारी भामाताईंच्या रानात त्यो जेसीबी येणार, त्येचं काय?”

तेच तर! स्वतःचा काठ गेला तो गेला. पण आपल्याच अर्जावर, आपल्याच हट्टानं, समोरचा धड काठही सोमवारी मोडणार होता. आणि तो मोडला की पहिल्या पुरात भामाबाईंचा ऊस ओढ्यात. एकटी बाई. तिचं सगळं त्या रानावर.

आता मेजरांनी काय करावं? सरळ भामाबाईंकडं जावं की नाही? नाही. आधी जयराजकडं गेले. माणूस आहे, चोरवाट शोधणारच. “जेसीबी दुसरीकडं वळीव,” म्हणाले, “आमचं काय एवढं अर्जंट न्हाई.” जयराज गोंधळला. “मेजर, तुमीच तर धा येळा फोन केलासा. आन आता तुमचा अर्ज ऱ्हायला बाजूला. भामाकाकूंनी सोता सही केलीया. त्येंच्या रानाचं काम हाय, त्या न्हाई म्हणल्या तर लगीच थांबवतो. माझ्या हातात काय न्हाई.”

म्हणजे चोरवाट बंद. तरी दोन दिवस मेजर टाळत राहिले. एकदा पलीकडं जायला निघाले आणि पुलावरनंच परत आले. काय सांगायचं त्या बाईला? आणि कोणत्या तोंडानं?

सोमवारी सकाळी जेसीबीची घरघर कानावर आली तेव्हा मेजर दाढी करत होते. तसाच अर्धा साबण टॉवेलला पुसला आणि निघाले. ओढा आटलेला, गोट्यांवरनं पावलं टाकत सरळ पलीकडं गेले.

भामाबाईंच्या काठावर चार माणसं जमली होती. जयराज होता, भावकीतले दोघं होते, जेसीबीवाला होता. आणि भामाबाई नवं लुगडं नेसून, ताटात हळद-कुंकू, फुलं आणि नारळ घेऊन उभ्या होत्या. जेसीबीच्या लोखंडी पंजाला कुंकवाची बोटं लावून झाली होती. आता फक्त नारळ फोडायचा राहिला होता.

“या भावजी,” त्या म्हणाल्या. आवाजात ना राग, ना लोभ. “बघायला आलासा न्हवं? बघा. आजपास्नं तुमच्या डोळ्याला तरास व्हायचा न्हाई.”

“वैनी, थांबवा हे.”

“काय?”

“काठ मोडू नका. ऱ्हाऊ द्या हाय तसा.”

भामाबाईंनी ताट खाली ठेवलं. “दर वक्ताला बोललासा. पारावर बोललासा, डेरीवर बोललासा, शाळंच्या पटांगणात गावापुढं बोललासा. बाया मला पाणवठ्यावर धर्मशाळावाली म्हणायच्या, ठावं हाय? पोराला म्हणलं, बाबा, एवढं एक करून टाकूया, माझी मान खाली नगं. आन आज नारळ हातात घेतला तर म्हणता मोडू नका? मला काय खुळी समजलासा?”

“तसं न्हाई—”

“मग कसं? आमचा बी काठ चांगला दिसला तर तुमच्या शालीला डाग पडतोय, व्हय ना?”

भावकीतला एकजण हसला. मेजरांना वाटलं, निघून जावं. खरंच, एक पाऊल मागं पडलंही. मग ते थांबले, पाय जुळवले, आणि भाषणाला उभे राहिल्यासारखे उभे राहिले. आवाज मात्र तो नव्हता.

“समद्यांनी ऐका,” ते म्हणाले. “काठ बघणारी पोरगी आल्ती. तिनं गावात सगळ्यात चांगला काठ ह्यो ठरीवला. आनंद्याचा. आन सगळ्यात बेकार माझा. तिचं खरं हाय. म्या पहार घालून बघितली, माझं रान आतनं फुटलंया, ह्या न्हाई तर फुडच्या पावसाळ्यात जाणार. झाडी हाय म्हणून तुमचं रान हितं हाय, वैनी. म्या जे बोललो ते समदं खोटं व्हतं. पटांगणातलं बी.”

जेसीबीवाल्यानं आपण होऊन इंजिन बंद केलं.

“खरं सांगतासा?” भामाबाईंनी विचारलं.

“आनंद्याची शप्पत.”

“त्येंची नगं घिऊ.” त्या खाली बसल्या, तिथंच, मातीत, नव्या लुगड्यानिशी. “आमचं कसलं आलंय शहाणपण, भावजी. ह्येंच्यात ताकद न्हवती आन मला येळ न्हवता, म्हणून ऱ्हायली झाडी. दुसरं कायसुदीक न्हाई.” मग त्या निर्गुडीकडं बघत बोलल्या, आणि आता त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. “जायाच्या आदुगर, आठ-पंधरा दिवस म्हणा, मला म्हणाले, कोयता दे आन काठावर नेऊन बसीव. म्हणलं, आवं, तुमाला बसाया येईना, कोयता कशाला? ऐकंनात. न्हेलं. चार फांद्या तोडल्या न्हाईत तर जीव असा वर-खाली व्हायला लागला. मला म्हणाले, भामा, लाल्याचं खरं हाय गं. समद्या गावात आपलाच काठ घाण. माझ्या हातनं तेवढं बी झालं न्हाई.”

मेजर उभे होते ते उभेच.

“त्येच मनात घिऊन गेले,” भामाबाई म्हणाल्या. “आता तुमी ह्या चौघास्नी सांगितलासा. मला सांगितलासा. त्येंला कोण सांगायचं?”

मेजरांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, लपवलंही नाही. दाढीच्या उरलेल्या साबणातून ते खाली ओघळत राहिलं. जयराजनं जेसीबीवाल्याला खूण केली. गाडी मागं वळली, कुंकवाची बोटं लावलेला पंजा वर उचलून पुलाकडं निघून गेली. भावकीतले दोघं काहीतरी काम आठवल्यासारखे पांगले.

मेजर म्हणाले, “वैनी, माझ्या काठाला लावायला निर्गुडीच्या चार फांद्या मिळतील का? ओल धरून जगतील. करंजाच्या श्येंगा बी गोळा करीन. आता मला दुसरा रस्ता न्हाई.”

“चार कशाला, लागतील तेवढ्या न्या.” भामाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मेजर झाडीकडं निघाले, तशा त्या पुढं झाल्या आणि आडव्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण हलल्याही नाहीत.

“तुमी हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “मी तोडून दिते.”

मेजरांनी पुढं केलेला हात मागं घेतला. भामाबाई कोयता आणायला घरात गेल्या, आणि त्या परत येईपर्यंत ते त्या झाडीच्या बाहेर उन्हात उभे राहिले.